चषकांचा खेळाडू : शहापूर-मुरबाडच्या टेनिस क्रिकेटमधली कारकीर्द

डिसेंबर लागला की ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागतात. सरपंच चषक, आमदार चषक, कुणाच्या स्मरणार्थ, कुणाच्या वाढदिवसानिमित्त. मधोमध बक्षिसाची रक्कम, खाली प्रवेश फी आणि फोन नंबर, कडेला सौजन्य करणाऱ्यांचे फोटो. वासिंद, खर्डी, किन्हवली, डोळखांब, सरळगाव, धसई, टोकावडे, कुठेही जा, मे महिना संपेपर्यंत रविवारी एखादे मैदान चालू असतेच.

या मैदानांवर एक खेळाडू नेहमी दिसतो. गेल्या रविवारी तो एका गावाकडून खेळला, या रविवारी दुसऱ्याच गावाची जर्सी घालून उतरतो. त्याला ‘बाहेरचा प्लेअर’ म्हणतात, ‘गेस्ट’ म्हणतात, नाव झालेले असेल तर ‘आयकॉन’. इंग्लंडच्या खालच्या लीगमध्ये क्लबामागून क्लब बदलत दहा-पंधरा वर्षे खेळणारा फुटबॉलपटू असतो, त्याचा आपल्याकडचा भाऊबंद हाच. त्याचे कसब खरे आहे, मेहनतही खरी आहे. पण तो खेळतो त्या क्रिकेटला वरच्या क्रिकेटशी जोडणारा दुवाच नाही, म्हणून तो वर न जाता या मैदानावरून त्या मैदानावर फिरत राहतो. त्याची कारकीर्द कशी सुरू होते, कशावर चालते आणि कुठे अडते, ते इथे सांगायचे आहे.

भात निघाले की मैदान

इथले क्रिकेट भाताच्या मागून येते. आवणी भर पावसात, कापणी दिवाळीच्या आगेमागे. झोडणी होऊन पेंढा घरी गेला की खाचरे मोकळी होतात. काही शेतकरी जमिनीच्या ओलीवर वाल किंवा हरभरा टाकतात, ती खाचरे सोडून उरलेल्यांवर मंडळाच्या पोरांचा डोळा असतो. शेतमालकाशी बोलणी होतात, पाऊस येण्याआधी बांध परत घालून द्यायच्या बोलीवर चार-पाच खाचरांमधले बांध उतरवले जातात आणि मैदान तयार होते.

खेळपट्टी करणे हे वेगळे काम. कापलेल्या भाताचे खुंट उपटायचे, ढेकळे फोडायची, चाळलेली लाल माती पसरायची आणि टँकरने पाणी मारायचे. पाणी मुरून माती पायाला चिकटेनाशी झाली की रोलर फिरवायचा. रोलर नसला तर सिमेंट भरलेल्या पिंपावरही भागते. मग पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. शेवटी फक्की मारून क्रीज आखली जाते. हे सगळे गावातली मुले रात्री कामावरून आल्यावर बॅटऱ्यांच्या उजेडात करतात. कुणी पैसे मागत नाही.

बाहेरचा प्लेअर मैदानावर आला की आधी खेळपट्टीवर जातो. टाच दाबून माती किती बसली आहे ते बघतो, मग सीमारेषेपर्यंत चालत जातो. खाचरांचे मैदान कधीच गोल नसते. एका बाजूला बांधामुळे सीमा जवळ येते, दुसऱ्या बाजूला ती ओढ्यापर्यंत लांबते. बाहेरच्या भागात जमिनीला भेगा पडलेल्या असतात, तिथे चेंडू पडला की तो कुठे उडेल याचा भरवसा नसतो. वारा कुठून येतो ते तो गवताची काडी उडवून पाहतो. ही पाच मिनिटांची पाहणी ज्याला जमते तो पहिल्या षटकात फसत नाही. असे शेकडो वेगवेगळ्या मैदानांवर खेळून येते.

उन्हाळा चढला की रोपवाटिकेसाठी राब भाजायला सुरुवात होते, मेअखेर बांध परत घातले जातात आणि हंगाम संपतो. म्हणजे या खेळाडूची कमाई वर्षातून सहा महिन्यांची.

चेंडू हलका, अंगावर भार जास्त

लॉन टेनिसचा प्रमाणित चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा असतो. क्रिकेटचा लेदर चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅमचा. आकारात फरक थोडासाच, वजनात मात्र जवळजवळ तिप्पट. हवा दोघांनाही सारखीच अडवते, पण हलक्या चेंडूचा वेग ती लवकर मारते. (क्रिकेटसाठी म्हणून विकले जाणारे टेनिस चेंडू लाइट आणि हेवी अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. हेवी चेंडू थोडा अधिक जातो, तरी लेदरच्या जवळ येत नाही.) त्यामुळे गोलंदाजाला प्रत्येक चेंडूमागे सगळी ताकद खांद्यातून काढावी लागते. लेदर चेंडूची शिवण इथे नाही, तेव्हा चेंडू हलवायचे शास्त्रही वेगळे. भरवसा यॉर्करवर, अचानक सोडलेल्या संथ चेंडूवर आणि उसळीवर.

फलंदाजाचेही तसेच. चेंडूच्या वेगाचा उपयोग करून घ्यायची सोय नसते, ताकद स्वतःच लावावी लागते. म्हणून बॅट हलकी, मागून कोरलेली, हातात झपकन फिरणारी. सामना चार, सहा, फार तर आठ षटकांचा. ‘दोन चेंडू बघून घेऊ’ म्हणणाऱ्याला इथे जागा नाही.

बहुतेक स्थानिक स्पर्धांत पायचीत दिले जात नाही. ही एवढीशी सवलत खेळाडूचे अख्खे तंत्र बदलून टाकते. फलंदाज बिनधास्त यष्ट्यांसमोर येऊन आडव्या बॅटने फटका मारतो. वर्षानुवर्षे तीच सवय हाडीमांसी खिळते आणि पुढे लेदर चेंडूसमोर उभे राहायची वेळ आली की पहिल्या दोन-तीन षटकांत तीच त्याला बाद करते. अनेक चांगले टेनिस फलंदाज तिकडे टिकत नाहीत, याचे एक मोठे कारण या सवयीत आहे.

सर्वांत जास्त मागणी शेवटचे षटक टाकणाऱ्याला असते. चार षटकांच्या सामन्यात शेवटच्या सहा चेंडूंत निकाल फिरतो. त्या वेळी सहापैकी चार चेंडू पायाशी टाकू शकणारा गोलंदाज संघाला हवा असतो आणि त्याच्यासाठी कल्याण-भिवंडीपासून फोन फिरतात.

संघ कसा जमतो

स्पर्धा साधारण तीन तऱ्हांच्या. ‘एक गाव एक संघ’मध्ये आधार कार्डावरचा पत्ता बघूनच मैदानात सोडतात. बाहेरच्याला तिथे शिरकाव नसतो आणि मामाच्या किंवा सासुरवाडीच्या गावाकडून खेळू द्यायचे की नाही, यावर सामना अर्धा-अर्धा तास थांबतो. ‘ओपन’ स्पर्धेत कुणालाही आणता येते. बाहेरच्या प्लेअरचे खरे काम इथे. तिसरी तऱ्हा लिलावाची. आयपीएल आल्यानंतर तालुक्या-तालुक्यांत प्रीमियर लीग निघाल्या. त्यांत खेळाडूंची नोंदणी होते, संघमालकांना ठरावीक गुण दिले जातात आणि त्या गुणांतून बोली लागते.

ओपन स्पर्धेचे बोलावणे फोनवर येते, बहुधा आठवड्याच्या मध्यावर. ‘रविवारी मोकळा आहेस का?’ एवढ्यात सुरुवात. सोळा किंवा बत्तीस संघांचे लॉट्स पाडलेले असतात आणि सगळे बाद फेरीचे सामने. बत्तीस संघांत चषक उचलायचा तर पाच सामने जिंकावे लागतात. स्पर्धा एका दिवसाची असेल तर पाचही त्याच उन्हात.

सामना आता यूट्यूबवर लाइव्ह जातो, समालोचक खेळाडूचे नाव घेऊन त्याच्या मागच्या खेळ्या सांगतो आणि ते ऐकून पुढच्या आठवड्याचे फोन येतात. पूर्वी खेळाडूची कीर्ती पाच-सात गावांत फिरायची. आता खर्डीच्या मुलाचा षटकार कर्जत-पनवेलचा आयोजक घरी बसून बघतो. गेल्या दहा वर्षांत या खेळात झालेला सर्वांत मोठा बदल मला हाच वाटतो.

पैसा किती आणि कसा

ठरलेले मानधन, पेट्रोल आणि जेवण, जिंकल्यास बक्षिसातला वाटा, आणि वैयक्तिक बक्षिसे, असे चार रस्ते. मानधन खेळाडूगणिक बदलते. नवख्याला नुसते पेट्रोल, नावाजलेल्याला कारखान्यातल्या काही दिवसांच्या मजुरीइतके. वैयक्तिक बक्षिसांत कूलर, टीव्ही, सायकल, बूट, आणि मोठ्या स्पर्धेत मालिकावीराला मोटारसायकल.

हे सगळे शब्दावर चालते, कागद नसतो. बहुतेक आयोजक आणि संघमालक शब्द पाळतात, नाहीतर हा खेळ इतकी वर्षे चाललाच नसता. पण संघ पहिल्याच सामन्यात हरला किंवा अवकाळी पावसाने स्पर्धा बंद पडली की मानधनाचे काय, हे आधी बोललेले नसते आणि वाद तिथे होतो. ठरलेली रक्कम, हरल्यास किती, प्रवासखर्च कुणाचा, एवढे तरी फोनवरच्या मेसेजमध्ये लिहून घ्यावे. त्याने कुणाचा अपमान होत नाही.

उरलेले सहा दिवस

निव्वळ या खेळावर घर चालवणारा विरळाच. मुरबाडच्या एमआयडीसीत, आसनगाव-आटगावच्या कारखान्यांत किंवा भिवंडीच्या गोदामांत कंत्राटी काम, टेम्पो, रिक्षा, घरची शेती, हाच खरा आधार. रात्रपाळी करून सकाळी थेट मैदानावर येणारे पुष्कळ. ठेकेदार समजूतदार असेल तर पाळी बदलून मिळते, नसेल तर त्या दिवसाचा खाडा. मानधनातून तो वजा केला की हातात काय उरते, याचा हिशेब पहिली दोन-तीन वर्षे कुणी करत नाही. लग्न झाले की घरचे करायला लावतात.

वर जायचा रस्ता

इंग्लंडचा फुटबॉलपटू जेमी वार्डी सोळाव्या वर्षी शेफील्ड वेन्सडे क्लबाने सोडून दिलेला मुलगा. स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या छोट्या क्लबाकडून तो आठवड्याला ३० पौंडांवर खेळला, दिवसा वैद्यकीय आधारपट्ट्या बनवणाऱ्या कारखान्यात काम करून. २०१० मध्ये हॅलिफॅक्स, २०११ मध्ये फ्लीटवूड, २०१२ मध्ये दहा लाख पौंडांवर लेस्टर सिटी, आणि २०१६ मध्ये प्रीमियर लीगचे विजेतेपद. वार्डी असामान्य होता हे खरेच. पण स्टॉक्सब्रिज ज्या लीगमध्ये खेळत होता, तीही वरच्या लीगशी चढ-उताराने बांधलेली होती. तिथल्या प्रत्येक सामन्याची आणि गोलाची अधिकृत नोंद होती, आणि वरचे क्लब ती वाचत होते.

आपल्या बाहेरच्या प्लेअरकडे यातले काहीच नाही. सरळगावचा चषक जिंकल्याने कुठल्याही वरच्या स्पर्धेत प्रवेश मिळत नाही. मान्यताप्राप्त क्रिकेट लेदर चेंडूचे, त्याचा रस्ता शाळा, क्लब, निवड चाचणी असा जातो, आणि मुंबईचे क्लब क्रिकेट आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क इथे खेळले जाते. सीएसएमटीपासून आसनगाव रेल्वेने ८६ किलोमीटर, कसारा १२१. मुरबाडला तर रेल्वेच नाही, आधी एसटीने कल्याण गाठायचे. सकाळच्या सरावाला पोहोचायचे तर पहाटे तीन-चारला घर सोडावे लागेल, आणि लेदर क्रिकेटच्या किटला लागणारा पैसा वेगळाच. त्यात मुंबईच्या क्लब क्रिकेटमधली १९४८ पासूनची कांगा लीग पावसाळ्यातली, ऐन आवणीच्या दिवसांतली. शेतकऱ्याच्या मुलाला त्या दिवसांत घरून सुट्टी कोण देणार?

दूरवरून येऊन कुणी पोहोचलेच नाही असे नाही. शार्दूल ठाकूर पालघरचा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. किटबॅग खांद्यावर घेऊन तो लोकलने मुंबईला यायचा. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याचा खेळ पाहून त्याला बोरिवलीच्या शाळेत घातले आणि आपल्या घरी ठेवून घेतले. २०१८ मध्ये तो कसोटी खेळला. पण त्याच्या हातात लेदर चेंडू शाळकरी वयातच आला होता. आपला खेळाडू विशीत नाव कमावतो, तेव्हा ते वय निघून गेलेले असते.

प्रवीण तांबे यांचा रस्ता याहून लांबचा. वर्षानुवर्षे मुंबईच्या क्लब आणि ऑफिस क्रिकेटमध्ये ते खेळत राहिले, आणि मे २०१३ मध्ये वयाच्या ४१व्या वर्षी राजस्थान रॉयल्सकडून आयपीएलमध्ये उतरले. त्याआधी ते एकही प्रथम श्रेणी सामना खेळलेले नव्हते. त्याच वर्षीच्या चॅम्पियन्स लीगमध्ये सर्वाधिक बळी त्यांचे होते. मात्र तांबे लेदर चेंडूच्या, नोंद असलेल्या क्रिकेटमध्ये होते, म्हणून उशिरा का होईना कुणाच्या नजरेस पडू शकले.

तुलना करायची तर आपल्याच मातीतल्या कबड्डीशी करावी. कबड्डीत तालुका, जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी चढण आहे, कंपन्यांचे आणि सरकारी खात्यांचे संघ आहेत, आणि २०१४ पासून प्रो कबड्डी आहे. कल्याणचा गिरीश इर्नाक हा त्या वाटेने गेलेला बचावपटू. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला सेनादलाला हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेल्या महाराष्ट्राच्या संघात तो होता. प्रो कबड्डीत बंगाल, पुणे, गुजरात, मुंबई असे संघ त्यानेही बदलले, पण करार करून आणि लिलावात बोली लागून. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या ठरावीक पातळीवरच्या स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते. कबड्डीपटू ते मिळवू शकतो. गावच्या चषकाचे प्रमाणपत्र तिथे चालत नाही, घरात ढाली कितीही असोत.

ठाण्यात उघडलेला दरवाजा

मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली. टेनिस चेंडू, दहा षटके, सहा शहरांचे संघ, संघात १६ जण. खेळाडूची मूळ किंमत ३ लाख रुपये आणि संघाला खर्चाची मर्यादा १ कोटी. माझी मुंबई संघाने अभिषेक कुमार दल्होर याला २७ लाखांना घेतले. पहिल्या वर्षी कोलकात्याचा संघ जिंकला, २०२५ मध्ये माझी मुंबई.

टेनिस खेळाडूला लेखी करार आणि जाहीर बोली मिळाली, हे या लीगचे मोठे काम. टेनिस क्रिकेट हे कमअस्सल क्रिकेट नव्हे, हे तिने भरल्या स्टेडियमसमोर दाखवले. पण पहिल्या वर्षीच्या सहा संघांच्या १६ जागा म्हणजे देशभरातून ९६ खेळाडू. गावच्या मैदानावरून थेट तिथे उडी मारायची आहे. मध्ये तालुक्याची आणि जिल्ह्याची, नोंद ठेवणारी, दरवर्षी ठरलेल्या वेळी होणारी लीग हवी. ती कुणी करायची, या प्रश्नापाशी गाडी अडली आहे. चषकांवर जमणारा पैसा पाहता, तो तालुक्याला नाही असे मी म्हणणार नाही.

खांदा, गुडघा आणि खर्च

हलका चेंडू जोरात फेकून खांद्याचे स्नायू झिजतात. वाळलेल्या खाचरावर धावताना भेगेत पाय अडकला की गुडघ्याचे लिगामेंट फाटते. ‘मुरगळलाय’ म्हणून पुढचे दोन रविवार पट्टी बांधून खेळणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक. गुडघा सुजला आणि वळताना निसटल्यासारखा वाटला तर खेळ थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे.

स्पर्धेचा विमा क्वचित असतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाखांचे संरक्षण मिळते, ती घ्यावीच. पण फाटलेले लिगामेंट तिच्यात बसत नाही. कारखान्यात महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याचा ईएसआय कापला जातो. ते कार्ड असेल तर मैदानावरच्या दुखापतीवरही उपचार मिळतात, आणि हप्त्यांची अट पुरी झालेली असेल तर आजारपणाच्या काळात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. अनेक कंत्राटी कामगारांना आपला ईएसआय नंबरसुद्धा ठाऊक नसतो. पगाराच्या पावतीवर तो बघून ठेवावा.

नोंद

वहीत लिहिलेला धावफलक स्पर्धा संपली की हरवतो. अहमदाबादच्या क्रिकहिरोजसारख्या ॲपवर गुणलेखन झाले तर खेळाडूच्या नावावर धावा, बळी, झेल जमा होत राहतात आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या आयोजकालाही ते दिसतात. आयोजकाने एक गुणलेखक फोन घेऊन बसवला की झाले. ही अधिकृत मान्यता नव्हे, पण दहा वर्षे खेळलेल्या माणसाकडे आपण खेळलो याचा पुरावा असणे फार गरजेचे आहे.

चाळिशीनंतर

पस्तिशीच्या पुढे फोन कमी होतात. शेवटचे षटक टाकणाऱ्याचा वेग आधी जातो, फटकेबाजाची नजर त्याच्या नंतर. पण ठाणे-रायगडात चाळीस प्लसच्या स्पर्धा आता जोरात आहेत. वयाचा दाखला दाखवायचा आणि आपल्याच जुन्या प्रतिस्पर्ध्यांसमोर उभे राहायचे. जुने प्लेअर तिथे पुन्हा दिसतात, तब्येत सुटलेली असली तरी हात तोच. काही जण पंच होतात, काही समालोचक, काही संघमालकाला प्लेअर सुचवणारे. मुलांना शिकवणारे मात्र फार थोडे, कारण त्यासाठी लागणारे प्रशिक्षकाचे शिक्षण या वाटेवर कुणाला मिळालेलेच नसते. जिल्ह्याने पहिले काम यांच्यापासून सुरू करावे. किन्हवली किंवा धसईच्या एखाद्या शाळेच्या मैदानावर आठवड्यातून दोन संध्याकाळी अशा माणसाने दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या हातात लेदर चेंडू दिला आणि पायचीत असलेला खेळ शिकवला, तर त्या मुलांची सवय वेळेत बदलेल. त्याच्या मानधनाला एका चषकाच्या बक्षिसाचा थोडा भाग पुरे होईल.